मर्यादा कोणासाठी? : फुटबॉलमधील वित्तीय नियमन आणि चाहत्यांचा अविश्वास

प्रास्ताविक

मैदानावरील नियमांबाबत प्रेक्षक सहसा उदार असतो. पंचाने दिलेल्या पेनल्टीवरून तो कितीही भांडला तरी पेनल्टी हा नियमच नको, असे तो म्हणत नाही. मैदानाबाहेरील नियमांच्या बाबतीत मात्र हे औदार्य दिसत नाही. क्लबने किती खर्च करावा, किती तोटा सोसावा, खेळाडूंच्या वेतनावर किती रक्कम लावावी हे ठरविणाऱ्या नियमांकडे फुटबॉलचा चाहता संशयानेच पाहतो. श्रीमंत क्लबचा चाहता म्हणतो, हे नियम आम्हाला रोखण्यासाठी आहेत. गरीब क्लबचा चाहता म्हणतो, हे नियम श्रीमंतांना लागूच होत नाहीत. दोन्ही तक्रारी परस्परविरोधी असूनही त्यांचा रोख एकाच यंत्रणेवर आहे. या अविश्वासाचे स्वरूप काय, त्यात तथ्य किती आणि आत्मवंचना किती, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी नेरुळ, नवी मुंबई येथील डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मुंबई सिटी एफसी या क्लबचा अनुभव मध्यवर्ती मानला आहे.

युरोपातील पार्श्वभूमी

युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, ‘फायनान्शियल फेअर प्ले’ या नावाने आणलेले नियम २०११ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले. क्लबने आपल्या उत्पन्नाच्या आत खर्च करावा, हे त्यांचे सूत्र होते. कर्जबाजारी क्लब बुडू नयेत हा हेतू सांगण्यात आला आणि तो अप्रामाणिक होता असे म्हणता येत नाही. तथापि हे सूत्र ज्या काळात आले तो काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. २००३ मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी आणि २००८ मध्ये अबू धाबीच्या गुंतवणूकदारांनी मँचेस्टर सिटी विकत घेतली होती. जुन्या प्रतिष्ठित क्लबांच्या पंक्तीत नवे पाहुणे येऊन बसले होते. अशा वेळी ‘उत्पन्न असेल तेवढाच खर्च’ हा नियम ज्यांचे उत्पन्न आधीच मोठे आहे त्यांच्या पथ्यावर पडणार, हे उघड होते. मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांचा रोष येथून सुरू होतो. चॅम्पियन्स लीगचे गीत वाजू लागताच त्या गीताची हुर्यो उडविण्याची त्यांची प्रथा या रोषाचेच दृश्य रूप ठरली.

पुढील घटनाक्रमाने संशयाला दोन्ही बाजूंनी खतपाणी घातले. २०१४ मध्ये युएफाने सिटीला ६ कोटी युरोंचा दंड केला. त्यातील ४ कोटी स्थगित ठेवले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. जुलै २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती उठविली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, काही कालबाह्य ठरले आणि सहकार्य न केल्याबद्दलचा दंड १ कोटी युरोंवर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने याच क्लबवर शंभरहून अधिक आरोप ठेवले. त्यांची सुनावणी सप्टेंबर २०२४ पर्यंत सुरूही झाली नव्हती. याउलट, तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा अधिक तोटा केल्याबद्दल एव्हर्टनचे १० गुण नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्काळ कापले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलानंतर ही कपात ६ गुणांवर आली. एव्हर्टनच्या चाहत्यांनी लीगच्या बोधचिन्हाखाली ‘भ्रष्ट’ हा शब्द छापलेले फलक उंचावले, ते दंड झाला एवढ्यासाठीच नव्हे. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याचा खटला वर्षानुवर्षे चालतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचा निकाल हंगामातच लागतो, असे चित्र त्यांना दिसत होते. दोन खटल्यांची गुंतागुंत सारखी नव्हती हे खरे. परंतु विलंबाचे स्पष्टीकरण कायद्याच्या भाषेत पुरेसे असले तरी न्यायाच्या भाषेत ते पुरेसे वाटत नाही.

मुंबई सिटी : मर्यादेच्या आतील श्रीमंती

हाच प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या दाराशी आला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधील ६५ टक्के हिस्सा घेतला. २०१४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब आरंभीच्या हंगामांत नेरुळच्या स्टेडियमवर खेळत असे आणि २०१६ मध्ये अंधेरीला गेला. इंडियन सुपर लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण वेतनावर सर्व क्लबांना समान मर्यादा होती. म्हणजे युरोपातील नियम उत्पन्नाशी बांधलेला, तर येथील नियम एका निश्चित रकमेशी बांधलेला. तत्त्वतः भारतीय नियम अधिक समतावादी म्हणावा लागेल.

व्यवहारात काय घडले? २०१९–२० च्या हंगामात साखळी फेरीत अव्वल ठरलेल्या एफसी गोवा संघाला घडविणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये मुंबईकडे आले. त्यांच्यापाठोपाठ ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही आले. २०२०–२१ मध्ये मुंबई सिटीने साखळी फेरीची ढाल आणि अंतिम करंडक दोन्ही जिंकले; एकाच हंगामात हे दोन्ही मान मिळविणारा तो पहिला क्लब ठरला. उपांत्य फेरीत त्याने पेनल्टी शूटआउटवर हरविले ते एफसी गोवालाच. करोनाकाळामुळे सारे सामने गोव्यातील रिकाम्या स्टेडियमांत झाले. गोव्याच्या फुटबॉलप्रेमीने आपल्याच संघाचा कणा आपल्याच भूमीवर परक्या रंगात विजयी होताना दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याला मर्यादेचा समतावाद पटवून देणे अवघड आहे.

येथे नियमभंग झाला असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. उलट नियम पाळूनही असमानता कशी टिकते, हाच खरा मुद्दा आहे. वेतनमर्यादा वेतन मोजते. प्रशिक्षकाची दृष्टी, खेळाडू हेरण्याची जागतिक यंत्रणा, सरावाच्या सोयी, वेळेवर पगार होईल ही खात्री आणि मोठ्या समूहाशी जोडले जाण्याचे आकर्षण या गोष्टींचे वजन तिच्या तराजूत होत नाही. दोन क्लब सारखाच पगार देऊ करत असतील तर खेळाडू ज्याचा पाया भक्कम त्याच्याकडे जातो. मर्यादेने श्रीमंती नाहीशी होत नाही. ती फक्त मोजमापाबाहेरच्या जागी सरकते. चाहत्याला हे आकडेवारीशिवाय कळते, म्हणून त्याच्या संशयाला अडाणी म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे.

नेरुळमधील एक संध्याकाळ आणि एक सोयीचे उत्तर

श्रीमंत क्लबच्या चाहत्याची बाजूही येथेच तपासता येते. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीचा सामना सौदी अरेबियाच्या अल हिलालशी डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्याच वर्षी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने अल हिलालमध्ये ७५ टक्के हिस्सा घेतला होता. दुखापतीमुळे नेमार आला नाही, तरी अल हिलालने २–० असा विजय मिळविला. त्याआधी रियाधमध्ये त्याने ६–० असा विजय मिळविला होता. देशात मर्यादा आणि खंडात मोकळे रान, अशी ही स्थिती. ‘घरी हात बांधायचे आणि बाहेर पहिलवानाशी कुस्ती लावायची’ हा आक्षेप त्यामुळे सहज सुचतो.

परंतु हा आक्षेप पूर्णतः टिकत नाही. त्या गटात मुंबई सिटीने सहाही सामने गमावले. इराणमधील नस्साजी माझंदरान आणि उझबेकिस्तानमधील नवबहोर या क्लबांकडूनही ती दोन्ही वेळा हरली. हे क्लब अल हिलालच्या श्रीमंतीच्या जवळपासही नव्हते. तेव्हा पराभवाचे खापर केवळ वेतनमर्यादेवर फोडता येत नाही. त्यामागे युवा प्रशिक्षण, स्पर्धात्मक सामन्यांची संख्या आणि देशांतर्गत रचनेचा कमकुवतपणा हीही कारणे मानावी लागतात. शिवाय याच क्लबने, याच मर्यादेत राहून, एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ असे हरवून या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदविला होता. चाहत्याचा अविश्वास पुष्कळदा असा निवडक असतो : विजयाचे श्रेय संघाला आणि पराभवाचा दोष नियमाला.

लिलावाची मर्यादा मान्य का होते?

चाहत्यांना मर्यादाच नको असते, असा समज या चर्चेत सर्रास आढळतो. तो चुकीचा ठरविणारा पुरावा नेरुळच्या याच स्टेडियमवर आहे. १ जून २००८ रोजी येथे इंडियन प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना झाला आणि सर्वांत कमी किमतीत विकल्या गेलेल्या राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला तीन गडी राखून हरविले. त्या वर्षी प्रत्येक संघाला लिलावासाठी ५० लाख डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये झाली. मुंबईतील क्रिकेट चाहता या मर्यादेविरुद्ध फलक घेऊन उभा राहिला नाही. उलट कोणाच्या थैलीत किती रक्कम उरली हे मोजणे, हाच त्याच्या करमणुकीचा भाग झाला.

या फरकाची तीन कारणे संभवतात. एक, रक्कम सर्वांना सारखी आहे. दोन, हिशेब उघड्यावर होतो. हातोडा पडतो तेव्हा किंमत सर्वांना कळते. तीन, नियमभंगाचा निकाल पाच वर्षांनी लागण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण थैली संपली की बोली थांबते. फुटबॉलमधील वित्तीय नियमांत यांपैकी किमान दोन गोष्टींचा अभाव आहे. इंडियन सुपर लीगमध्ये रक्कम समान होती, पण करारांचे आकडे चाहत्यांसमोर नव्हते. युरोपात लेखे प्रसिद्ध होतात, पण रक्कम समान नाही आणि निकाल लांबतो. म्हणजे अविश्वासाचे मूळ मर्यादेत नसून अपारदर्शकतेत आहे. अर्थात फुटबॉल जागतिक बाजारात खेळला जातो आणि लिलावाची पद्धत तेथे जशीच्या तशी नेता येणार नाही; तरी उघडेपणाचे तत्त्व नेता येईल.

मालक गेला तर?

चाहत्यांच्या युक्तिवादातील सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. ‘आमच्या मालकाकडे पैसा आहे, त्याला खर्च करू द्या’ असे म्हणताना तो मालक उद्या राहील का, हा प्रश्न विचारला जात नाही. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २००५–०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालक कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. यांपैकी एकही क्लब वेतनमर्यादेमुळे बुडाला असे म्हणता येत नाही. मालकाचा रस संपला आणि क्लब संपला.

सिटी फुटबॉल ग्रुपही यास अपवाद ठरला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा व्यापारी हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. त्याच्या नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी पुढील हंगाम स्थगित केला. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी समूहाने मुंबई सिटीतून आपले अंग काढून घेतले. दोन वेळा ढाल आणि दोन वेळा करंडक देणारी श्रीमंती एका निवेदनानिशी निघून गेली. येण्याच्या वेळी खर्चाची मर्यादा पाहणारी व्यवस्था होती. जाण्याच्या वेळी चाहत्याचे हित पाहणारी व्यवस्था नव्हती.

येथे कोल्हापूरचे स्मरण उपयुक्त ठरते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठेचे आणि तालमीचे आहेत. शाहू स्टेडियमवरील ईर्ष्येचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिचेही दोष आहेत. परंतु तालीम विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेला ‘पन्नास अधिक एक’ हा नियम, काही अपवाद सोडता, मतांचे बहुमत क्लबच्या सभासदांकडे ठेवतो. त्याचाही आशय हाच आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेल्यावर चाहत्यांच्या पुढाकाराची चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. क्लबांनी क्लबांसाठी केलेल्या नियमांवर चाहत्यांचा विश्वास उरला नव्हता, याची ही शासकीय कबुलीच म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वित्तीय नियमांविषयी चाहत्यांचा अविश्वास निराधार नाही, पण तो चुकीच्या ठिकाणी लागलेला आहे. नियम करणारे स्वतःच स्पर्धक किंवा व्यापारी भागीदार असतात, निकाल सारख्या गतीने लागत नाहीत आणि हिशेब झाकलेले राहतात, हे आक्षेप ग्राह्य आहेत. मात्र यातून ‘नियमच नकोत’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे मालकाच्या लहरीलाच नियम मानणे होय. भारतीय फुटबॉलच्या पुनर्रचनेत वेतनमर्यादा किती कोटींची असावी, यावर भरपूर चर्चा होते. मालक किती वर्षे बांधील राहील, बाहेर पडताना किती रक्कम अनामत ठेवील आणि क्लबचे नाव, शहर व रंग यांबाबत चाहत्याचे मत कोठे नोंदविले जाईल, हे प्रश्न त्याहून अधिक मूलगामी आहेत. चाहत्याने क्लबच्या खर्चावरील लगामाशी भांडण्यापेक्षा लगाम कोणाच्या हाती आहे, हे विचारणे अधिक हिताचे ठरेल.