झडपेची अर्धी गोष्ट

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने घडवलेली हृदयझडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवली. ती परदेशी झडपेहून स्वस्त पडली. आपले बहुतेक लेख एवढे सांगून थांबतात. आधीचे तीन नमुने फसले, हे क्वचितच येते. टायटेनियमचा सांगाडा झिजला, नीलमण्याची चकती मेंढीच्या हृदयात फुटली. अखेर कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा आणि पॉलिएथिलीनची चकती टिकली. शिकवण्याजोगे आहे ते हेच!

त्याहून मोठी उणीव वेगळीच. योग्य पदार्थ सापडला म्हणजे रक्त गोठण्याचा प्रश्न मिटला, असा विद्यार्थ्याचा समज होतो. धातू असो, प्लास्टिक असो की कार्बन, परक्या पृष्ठभागावर रक्तातील प्रथिने क्षणात बसतात व त्यांवर रक्तपट्टिका चिकटतात. शिवाय रक्त रेंगाळेल तिथे गुठळी धरते. म्हणूनच महाधमनीच्या तोंडापेक्षा द्विदल झडपेच्या जागी धोका अधिक, आणि संधिवाताच्या तापाने आपल्याकडे बहुधा तीच बिघडते.

प्राण्यांच्या ऊतीची झडप घेतली तर सहसा जन्मभर गोळी लागत नाही, पण तरुणांत ती लवकर खराब होते. यांत्रिक झडपेला वॉरफरिनसारखी गोळी कायमची. ती ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. पिंप्राळ्याच्या बाजारात मेथी-पोकळा स्वस्त झाला, ताटात एकदम वाढला, की गोळीचा परिणाम घटतो. भाजी सोडायची नाही. रोज साधारण तेवढीच खायची, आणि बरे वाटते म्हणून गोळी वा रक्ततपासणी चुकवायची नाही.