केशवराव भोळे : गायकाचे चरित्र आणि गाण्याचे चरित्र

कवितेच्या टीकाकाराला कविता समोर ठेवता येते. गायनाच्या टीकाकाराला मात्र जे विरून गेले त्याविषयीच बोलावे लागते. इंग्लंडमधील अर्नेस्ट न्यूमन (१८६८–१९५९) याला ही अडचण निम्मीच भेडसावली. 'संडे टाइम्स'मध्ये १९२० पासून जवळजवळ चार दशके संगीतावर लिहिणाऱ्या या पत्रकाराने व्हॅग्नरचे चतुःखंडात्मक चरित्र रचले, तेव्हा त्याच्यासमोर लिपिबद्ध रचना, पत्रव्यवहार व आत्मचरित्र ही साधने होती. व्हॅग्नरचे आत्मकथन त्याच्याच पत्रांशी ताडून पाहणे, हा त्या चरित्राचा गाभा होय.

केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांना हे भाग्य लाभले नाही. ख्याल मैफिलीत जन्मतो व मैफिलीबरोबरच संपतो. त्या काळची ध्वनिमुद्रिका अवघ्या तीनसाडेतीन मिनिटांची. आणि गायकांची आयुष्ये बहुधा आख्यायिकांतूनच परिचित. अशा स्थितीत भोळे यांनी चरित्राचा विषयच बदलला. 'आजचे प्रसिद्ध गायक' (१९३३) आणि 'संगीताचे मानकरी' (१९४९) या ग्रंथांत गायकाच्या जीवनक्रमापेक्षा त्याच्या गाण्याला महत्त्व आहे. आवाजाची जात, स्वर लावण्याची रीत, शब्दोच्चार आणि लयीशी जडलेले नाते यांतून व्यक्ती उभी राहते. त्यांनी घेतलेले 'एकलव्य' हे टोपणनावही अर्थपूर्ण वाटते. गुरुगृहाबाहेर राहून विद्या जाणणाऱ्यालाही मत देण्याचा अधिकार आहे, असे ते जणू सुचविते. घराण्याच्या निष्ठेवर अभिप्राय ठरण्याच्या त्या काळात ही भूमिका धैर्याची होती.

१९३३ मध्येच 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला संगीत देऊन हा टीकाकार निर्मितीकडे वळला. पुढे 'प्रभात'च्या 'अमृतमंथन' (१९३४) व 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटांचे संगीत त्यांनी केले. 'संत तुकारामा'तील अभंगांत चाल शब्दांवर कुरघोडी करीत नाही. भोळे यांच्या समीक्षेतील शब्द-स्वरांचा विवेक येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

परंतु येथेच एक प्रश्न उद्भवतो. 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' (१९६४) या ग्रंथात भोळे स्वतःच्याच कृतींविषयी लिहितात. न्यूमनच्या कसोटीने पाहिल्यास ही साक्ष होय, निवाडा नव्हे. तसेच केवळ गाण्यातून गायक पाहण्याच्या पद्धतीत त्याचे आश्रयदाते, उपजीविका, गुरूशी झालेले संघर्ष हे सारे पार्श्वभूमीला जाते. गायकी कशी आहे हे कळते, ती तशी का घडली हे पुरेसे कळत नाही. मराठी संगीतचरित्राने ही उणीव भरून काढावयास हवी.

मात्र तसे करताना भोळे यांचा वारसा सोडून चालणार नाही. आज ध्वनिमुद्रणे विपुल आहेत, म्हणून वर्णन अनावश्यक ठरत नाही. मुद्रणातून स्वर ऐकू येतो. त्या स्वरात काय ऐकावे, हे मर्मज्ञ श्रोत्यालाच सांगावे लागते. ते काम भोळे यांनी मराठी गद्याकडून करवून घेतले, हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय.