'॥धृ॥' या खुणेआड : मुंबईच्या संचांची आवडती गाणी

मराठी समीक्षेने 'आवडते' हा शब्द फार पूर्वीच आपल्या व्यवहारातून वगळला. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) नंतर कलाकृतीची घाट, लय आणि संघटना यांच्या अंगाने चर्चा करण्याची शिस्त आपल्याकडे रुजली. या शिस्तीत आवड ही वाचकाची खासगी बाब ठरली आणि ती मूल्यमापनाच्या दाराबाहेर थांबली. एकट्याने एकट्यासाठी वाचलेल्या कवितेपुरती ही व्यवस्था चालून गेली. परंतु जे गाणे पाच-सहा जणांनी मिळून म्हटले आणि ज्याचे ध्रुपद ऐकणाऱ्यांच्या ओठांवर गेले, त्याची आवड खासगी कशी म्हणावी? तिथे आवडणे म्हणजे त्या म्हणण्यात कधीतरी सामील झालेले असणे होय. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो अशा सामील होण्याचा, आणि मुंबई या एका शहरात उभ्या राहिलेल्या संचांच्या काही गाण्यांच्या आधाराने.

'संच' हा शब्द येथे मुद्दाम व्यापक अर्थाने घेतला आहे. तमाशाचा फड, आंबेडकरी जलसा, कामगार वस्तीतील कलापथक, शाहिरी पार्टी ही त्याची निरनिराळी रूपे. यांतील बहुतेक माणसे मुंबईची नव्हेत. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे, शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, वामनदादा कर्डक आमच्याच नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या देशवंडीचे. मुंबईने त्यांना गाणे दिले असे म्हणणे चुकीचे होईल, कारण गाणे त्यांनी गावाहून येताना बरोबर आणले होते. मुंबईने दिला तो संच: वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली, एकाच चाळीत किंवा गिरणीच्या एकाच पाळीत भेटलेली माणसे, आणि त्यांना ऐकणारा तसाच मिश्र समुदाय.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड वर्गात शिकवली होती. चाचणीच्या उत्तरपत्रिकेत एका विद्यार्थ्याने त्या छक्कडीचा काही भाग आठवणीतून लिहिला आणि प्रत्येक टप्प्यानंतर ध्रुपद पुन्हा पूर्ण लिहून काढले. मी तांबड्या शाईने 'पुनरुक्ती' असा शेरा मारून अर्धा गुण कापला. विद्यार्थी विंचूरचाच; कांद्याच्या हंगामात सकाळी उपबाजारात ट्रॅक्टर लावून मग तासाला येणारा. तो तक्रार करायला आला नाही, पण एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, ते तसंच म्हणतात." त्याने ती छक्कड पुस्तकातून पाठ केली नव्हती, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली होती. माझ्याकडे होती ती छापील संहिता. त्या संहितेत ध्रुपद एकदाच पूर्ण छापलेले आणि पुढे केवळ '॥धृ॥' ही खूण.

ही खूण जागा वाचवते. तेवढेच नव्हे, तर 'येथे नवे काही नाही' असेही ती वाचकाला सांगून टाकते. माझे प्रतिपादन असे की मुंबईच्या या गाण्यांत जे काही नवे घडते, त्यातील पुष्कळसे नेमके या खुणेआड घडते.

'माझी मैना' हेच उदाहरण घेऊ. रचनेचा आराखडा परंपरागत लावणीचा आहे. आरंभी प्रियेच्या रूपाचे आणि गुणांचे दाट, उपमांनी लदलेले वर्णन; मग गरिबीमुळे झालेली ताटातूट, भल्या पहाटे बांधलेली भाकरी, निरोप द्यायला गावाच्या वेशीपर्यंत आलेली ती, आणि तिला हसवण्यासाठी केलेली दागिन्यांची भरमसाट आश्वासने. मग मुंबई. मग एकाएकी संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आणि शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे दुसऱ्यांच्या हाती गेलेले मुलूख. केवळ कागदावर वाचणाऱ्याला हा जोड उसना वाटण्याची शक्यता आहे. विरहाच्या चांगल्या गाण्याला शेवटी प्रचाराची शेपटी लावली, हा आक्षेप मी स्वतः वर्गात मांडलेला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो निमूटपणे वहीत उतरवूनही घेतला आहे.

आज तो मला टिकणारा वाटत नाही. याचे एक कारण भाषेतच आहे. या छक्कडीच्या ओळींमागून ओळी 'ची' या एकाच प्रत्ययावर येऊन थांबतात. हे यमक सोपे आहे, आणि कोणी त्याला आळशीही म्हणेल. परंतु 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय आहे. मालकीचा, नात्याचा, आपलेपणाचा. बांधा कशाचा, चाल कशी, वेळ कोणती, तयारी कुठे जाण्याची, आश्वासने कशाची, हे सारे षष्ठीतून सांगितले जाते. ज्याच्या मालकीचे जगात काही उरलेले नाही असा माणूस शे-दीडशे वेळा मालकीचा प्रत्यय उच्चारतो आहे. मग तुटलेल्या मुलखांवर दुसऱ्यांची मालकी असल्याचा उल्लेख जेव्हा याच प्रत्ययावर येऊन थांबतो, तेव्हा तो बाहेरून चिकटवलेला राहत नाही. पहिल्या ओळीपासून कान ज्या स्वराची वाट पाहायला शिकलेला असतो, तोच स्वर तेथे येतो. विरह आणि सीमाप्रश्न यांचा सांधा आशयात शोधू गेल्यास तो ढिला दिसेल. विभक्तीत तो पक्का आहे.

दुसरे कारण ध्रुपदात आहे. 'माझी' हे एकवचनी सर्वनाम. मुख्य शाहीर ते एकट्याने म्हणतो तेव्हा ते एका माणसाचे, एका बाईविषयीचे असते. पण झीलकरी ते उचलतात आणि चार-पाच गळे एकदम 'माझी' म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने येथे 'आमची' यायला हवे होते. ते येत नाही. प्रत्येकाची मैना निराळ्या गावावर राहिलेली आहे, आणि प्रत्येक जण आपापली तक्रार एकाच शब्दांत मांडतो आहे. म्हणूनच शेवटच्या टप्प्यानंतर तेच ध्रुपद जेव्हा परत येते, तेव्हा एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलून जातो: राहिलेली ती आता बाई उरत नाही, मुलूख होते. हा बदल कोणत्याही कडव्यात सांगितलेला नाही. तो '॥धृ॥' मध्ये आहे, आणि मी त्यालाच पुनरुक्ती म्हटले होते.

लावणीत स्त्रीदेहाच्या वर्णनासाठी मुरलेली भाषा शहराकडे वळवण्याची चाल अण्णा भाऊंच्या अगोदरची आहे. पठ्ठे बापूरावांची मुंबईवरील लावणी प्रसिद्ध आहे. शहराच्या थाटाने दिपलेल्या पाहुण्याची ती नजर आहे. अण्णा भाऊंनी आपल्या 'मुंबईच्या लावणी'त तीच भाषा घेऊन मलबार हिलच्या ऐश्वर्यासमोर परळची कामगार वस्ती ठेवली. ही उलथापालथ समीक्षकांनी नोंदवलेली आहे, तिच्यावर येथे थांबण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की बापूरावांच्या लावणीत शहराचे वर्णन स्त्रीसारखे होते, तर 'माझी मैना'त स्त्रीच नकाशा होते. आणि कलावंत म्हणून अण्णा भाऊंचे हे दुसरे पाऊल मला अधिक धाडसाचे वाटते.

प्रत्येक वेळी झीलकरी गाणे वाचवतातच असे मात्र नाही. १९४३ चा 'स्तालिनग्राडचा पवाडा' ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून मोठा आहे. पण दूरच्या रणभूमीचे कथन इतके एकसुरी वेगाने पुढे जाते की झीलकऱ्यांचे 'जी जी' तेथे केवळ टेकू होऊन राहते. झील धरणाऱ्याला उचलायला आपले असे काही तेथे मिळत नाही. पक्षाच्या सभांतून पवाडा गाजला असेल; मला तो आवडत नाही, आणि या न आवडण्यालाही मी टीकेचा पुरावा मानतो.

लाल बावटा कलापथकाची उभारणी १९४४ ची. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. या कलापथकाने तमाशाच्या रूढ क्रमात केलेला फेरफार सर्वपरिचित आहे: गणातील देवस्तवनाची जागा देश, शिवराय आणि श्रमिक यांच्या वंदनाने घेतली, गवळण गेली. ही काटछाट त्याआधी सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी केलेली होती, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले जात नाही. भीमराव कर्डक यांचा जलसा १९३१ च्या सुमारास मुंबईत उभा राहिला तो नाशिक जिल्ह्यातून तिकडे गेलेल्या तरुणांच्या बळावर. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धग त्यात होती. १९३५ च्या ऑक्टोबरात धर्मांतराची घोषणा झाली ते येवला आणि हे विंचूर एकाच रस्त्यावरची गावे. त्यामुळे या गाण्यांचा प्रवास मुंबईकडून खेड्याकडे झाला असे एकेरी चित्र काढता येत नाही. आमच्याकडची माणसे तिकडे गेली, तेथे त्यांचा संच झाला, आणि संचाचे गाणे परत आमच्याकडे आले.

वामनदादांच्या बाबतीत हा प्रवास आणखी वेगळे वळण घेतो. त्यांना अक्षरओळख झाली तीच मुळी मुंबईत, मोठेपणी. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत ते रचत आणि गात राहिले. कलापथकाचे गाणे बहुधा आपल्या संचाला बांधलेले असते. वामनदादांचे गाणे असंख्य गायन पार्ट्यांनी उचलले. ढोलकी, पेटी, टाळ्यांचा ठेका, कव्वालीच्या वळणाने पुन्हा पुन्हा येणारी मुखड्याची ओळ, असा त्याचा सरंजाम गावोगाव तयार होता. अशा वेळी रचनाकार हरवणार हे उघड आहे. त्यावर त्यांनी संतकवींचा आणि शाहिरांचा जुनाच उपाय योजला: शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' ही नाममुद्रा. छापील काव्यसंग्रहात, मुखपृष्ठावर नाव असताना, ती मुद्रा अनावश्यक वाटते. एप्रिलच्या रात्री, कर्ण्यावरून, अनोळखी गळ्यातून ती ऐकू येते तेव्हा तिचे काम कळते. 'वाटचाल' (१९७३) हा संग्रह वाचताना मला सतत वाटत राहिले की पानावरची ही गाणी आपल्याला म्हणणाऱ्याची वाट पाहत आहेत. काहींना ती प्रतीक्षा सोसते. काही मात्र पानावर अगदीच कोरडी पडतात, हेही मान्य केले पाहिजे.

रचनाकार हरवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र सरकारमान्य आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. पण सामान्य रसिक त्याला 'शाहीर साबळ्यांचे गाणे' म्हणतो. हे अज्ञान नव्हे. साबळ्यांचा खडा, किंचित खरखरीत गळा आणि त्यामागचा समूहस्वर यांनीच ते गाणे लोकांच्या ताब्यात दिले, आणि बार्थने 'आवाजाचा पोत' म्हणून ज्याकडे बोट दाखवले ते येथे स्पष्ट जाणवते. १९६० च्या राज्यस्थापनेशी हे गाणे जोडले गेले, आणि २०२३ मध्ये त्याचे दोन चरण राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. ध्रुपदात येथेही तीच षष्ठी आहे आणि तीही एकवचनी: 'माझा'. येथेही ती अनेकांनी मिळून उच्चारायची आहे. फरक एवढाच की अण्णा भाऊंचे झीलकरी जे हातात नाही त्याला 'माझी' म्हणतात, आणि साबळ्यांचा समूह जे हाती आले त्याला 'माझा' म्हणतो. पहिल्या 'माझी'त कळ आहे, दुसऱ्या 'माझा'त ग्वाही. ग्वाहीचे राज्यगीत होऊ शकते. कळीचे होईल असे वाटत नाही. दोन्ही गाणी मला आवडतात. परंतु दुसरे म्हणताना आपण उभे राहतो, आणि पहिले म्हणताना बहुतेक वेळा कोणीतरी मान खाली घालून बसलेले असते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. प्रयोगाचे, गळ्याचे, समूहाचे एवढे माहात्म्य सांगितले की संहितेला जाब विचारणेच थांबते. मौखिक परंपरेच्या नावाखाली कोणतीही ढिसाळ रचना क्षम्य ठरते. गेल्या काही दशकांत शाहिरी वाङ्मयावर झालेल्या लेखनातील बरेचसे लेखन या सवलतीवर जगले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अभ्यासमंडळांनीही ही गाणी 'लोकसाहित्य' या खणात टाकून कवितेच्या खणाला धक्का लागू दिलेला नाही. म्हणूनच मी विभक्तीपासून आरंभ केला. ध्रुपदाचे सामर्थ्य हे संहितेतच असते, केवळ प्रयोगात नव्हे. मात्र संहितेचा तो भाग असा आहे की छापणाऱ्याने तो खुणेत मिटवला आणि वाचणाऱ्याने ती खूण ओलांडली. म. वा. धोंडांनी 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) मध्ये लावणीचा विचार तिच्या गाणेपणासह केला होता. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही, याचे एक साधे कारण असावे: त्या वाटेवर ग्रंथालय पुरत नाही.

झीलकऱ्यांविषयी ग्रंथालय तर जवळजवळ मुकेच आहे. शाहिराचे चरित्र मिळते, जन्मगाव मिळते, अलीकडे पुतळेही मिळतात. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला तुणतुणे आणि कडे घेऊन उभा राहिलेला, दिवसभर साच्यावर काम करून रात्री 'माझी' हा शब्द उचलणारा माणूस कोण होता, हे शोधू गेल्यास जुन्या छायाचित्राखाली 'आणि सहकारी' एवढेच सापडते. ही '॥धृ॥' सारखीच आणखी एक खूण. त्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी नंतर वाढवून दिला; त्याने विचारले नव्हते. त्याला ती छक्कड ज्यांच्याकडून मिळाली ते त्याचे चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि एका पथकात मागे उभे राहत, असे त्याच्याकडून कळले. पथकाचे नाव त्याच्या घरात आता कोणालाच सांगता येत नाही. चाल मात्र सर्वांना येते.