डॉ. हाथींच्या खुर्चीला कोण हसतं?

विनोद समजावून सांगितला की मरतो, म्हणतात. पण काही विनोद तपासायलाच हवेत.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका जुलै २००८ पासून सुरू आहे. आपल्या पालघर-बोईसरकडे मराठी घर असो की गुजराती, ताटं वाढली की ती लागलेली असते. आम्हीही पाहतो, हसतोही. म्हणून ही तक्रार स्वतःपासूनच सुरू करतो.

त्यातले डॉ. हंसराज हाथी आठवा. आधी मालिकेच्या बाजूनं बोलू. माणूस सज्जन, शिकलेला. सोसायटीत त्याला मान आहे. मग खटकतं काय? जेठालालची फजिती त्याच्या धांदलीतून होते, भिडे मास्तरांची काटकसरीतून. म्हणजे स्वभावातून. हाथींचं काय? ते आले, खाण्याचा विषय निघाला, की हशा. विनोद आडनावातच उरकून टाकलेला. बायको आणि मुलगाही तसेच जाड. स्वभाव लिहिण्याचं काम शरीरावर ढकललं, की लेखकाचे कष्ट वाचतात.

यात नवीन काही नाही. आपण दुसऱ्यापेक्षा वरचढ आहोत ही जाणीव एकदम झाली की माणूस हसतो, असं हॉब्जचं सतराव्या शतकातलं मत. हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं, हे बर्गसाँनं १९०० साली मांडलं. आपल्या नाट्यशास्त्रातला विदूषकही कुरूपच. पण संस्कृत नाटकात राजाला टोचून बोलायची मुभा त्यालाच असते! हाथींना विदूषकाचं शरीर मिळालं, जीभ मिळाली नाही.

चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ आठवून बघा. दूरदर्शनवर बाळ कर्वे यांनी तो केला होता. तोही धिप्पाड. पण त्याचा देह चिमणरावांचा आधार. हसू येतं ते चिमणरावांच्या फजितीचं.

आता जे बोलायचंय, ते जड जातं. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद ९ जुलै २०१८ ला हृदयविकारानं गेले. २०१० मध्ये वजन घटवण्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पुढची त्यांनी टाळली. वजन उतरलं तर काम जाईल ही भीती त्यामागे होती, असं त्यांच्या डॉक्टरांनी नंतर वर्तमानपत्रांना सांगितलं. मालिकेनं मुद्दाम काही केलं, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या देहानं जीव धोक्यात येतो तोच देह भाकरी देत असेल, तर माणसानं करायचं काय? आपल्या हशाचा हिशेब इथे येऊन थांबतो.

आणि हा हशा पडद्यावर राहत नाही. डहाणू लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकू पाहणाऱ्या जाड बाईला कुणीतरी ‘हाथी’ म्हणतं, डबा हसतो. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषित मुलाला आपण हसत नाही; तिथे आपल्याला गरिबी दिसते, व्यवस्था दिसते. जाड माणसात मात्र फक्त हावरटपणा दिसतो. अनुवंश, आजार, औषधं, पाळ्यांची नोकरी यांतलं काहीच दिसत नाही.

म्हणून एक साधी कसोटी सांगतो. पात्राचं वजन मनातल्या मनात उतरवा आणि प्रसंग पुन्हा पाहा. हसू उरलं, तर तो विनोद. नाही उरलं, तर आपण फक्त बोट दाखवत होतो.

आज रात्री जेवताना करून बघा.