कबरीविना उरूस : बेने इस्राएल परंपरेतील पुनरुत्थानकल्पनेचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव मिळालेला बेने इस्राएल समाज मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. त्याची आगमनकथा, त्याच्या सणांची मराठी नावे, गावांवरून पडलेली केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र मृत्यूनंतर काय, या प्रश्नाला या समाजाने काय उत्तर दिले, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. जी झाली तीही बहुधा ‘कोणता आचार कोणाकडून आला’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. प्रस्तुत लेखात या पद्धतीची मर्यादा दाखवून, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याभोवतीच्या आचारांत ज्यू धर्मातील पुनरुत्थानाची कल्पना कशी वावरते, याचा विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाला एक जुनी धार आहे. बाराव्या शतकातील थोर ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस याने श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली. त्यांतील तेरावे तत्त्व मृतांच्या पुनरुत्थानाचे. ही तत्त्वे नाकारणाऱ्याला ‘येणाऱ्या जगात’ वाटा नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच मैमोनिदीसाच्या एका पत्रात भारतातील ज्यूंचा ओझरता उल्लेख येतो : शब्बाथ व सुंता यांपलीकडे त्यांना धर्मशास्त्राचे काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय. हे ज्यू म्हणजे कोकणातीलच, असे खात्रीने म्हणता येत नाही. परंतु प्रश्न कोकणालाही लागू पडतो. ज्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता, हिब्रूमधील ‘शमा’ या श्रद्धावचनाखेरीज प्रार्थना उरली नव्हती, त्यांच्या ठायी पुनरुत्थानावरील श्रद्धा होती असे कशावरून म्हणावे?

ज्यू परलोककल्पनेचे स्वरूप

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ख्रिस्ती वा इस्लामी परंपरेत स्वर्ग-नरकाचे जसे सविस्तर वर्णन आढळते, तसे ज्यू धर्माच्या मूळ ग्रंथात, तोरात, आढळत नाही. तेथे मृत ‘शिओल’ या छायामय अधोलोकात जातात, एवढेच काहीसे अंधुक चित्र आहे. माणूस मागे उरतो तो नावाने आणि संततीने. निपुत्रिक मृत भावाच्या विधवेशी दिराने विवाह करावा, म्हणजे मृताचे नाव पुसले जाणार नाही, हा अनुवाद या ग्रंथातील नियम याच जाणिवेतून आला आहे. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या, सुकलेल्या हाडांतून उठणाऱ्या माणसांचे दृश्य हे प्रामुख्याने राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाचे रूपक आहे. व्यक्तीच्या पुनरुत्थानाचे निःसंदिग्ध विधान येते ते दानिएलच्या ग्रंथाच्या अखेरीस. आधुनिक अभ्यासक त्याचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याजवळ मानतात.

पुढे सदूकी पंथाने ही कल्पना नाकारली, परुशी पंथाने स्वीकारली. परुशींचा वारसा सांगणाऱ्या रब्बींनी इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या संहितेत तिला मान्यता दिली. नित्य प्रार्थनेतील दुसरा आशीर्वाद मृतांना जिवंत करणाऱ्या परमेश्वराची स्तुती करतो, आणि पावसाचा उल्लेखही त्याच आशीर्वादात होतो. कोरड्या जमिनीला पालवी फुटणे व मृताने उठणे या दोन घटना रब्बींनी अशा शेजारी ठेवल्या. दुसरीकडे, मृतासाठी म्हटल्या जाणाऱ्या ‘कद्दिश’ या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. ती केवळ ईशस्तुती आहे. पुनर्जन्माची कल्पनाही या परंपरेला सर्वस्वी परकी नव्हती. दहाव्या शतकात सादिया गाओनने तिचे खंडन केले, तर मध्ययुगीन कब्बाला संप्रदायाने ‘गिलगुल’ या नावाने तिला स्थान दिले. तात्पर्य, परलोकाविषयी एकच एक ज्यू सिद्धान्त नाही. ज्याच्याशी कोकणातील आचार ताडून पाहावा, असे स्थिर मापच हाती लागत नाही.

केहीमकरांचा युक्तिवाद आणि त्यातील पेच

बेने इस्राएलांच्या इतिहासलेखनाचा पाया हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी घातला. १८९७ मध्ये लिहून झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. आपला समाज अस्सल इस्राएली आहे, हे सिद्ध करणे हा या ग्रंथामागील मुख्य हेतू. हनुक्काचा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, त्या अर्थी त्या सणाच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे इ. स. पू. १७५ च्या सुमारास पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असे त्यांनी अनुमान केले. ग्रंथातील आचारवर्णने आजही अमोल आहेत, हे निर्विवाद.

परंतु हा कालनिर्णय परलोककल्पनेला लावून पाहिला की पेच उभा राहतो. पूर्वज खरोखर इ. स. पू. १७५ च्या सुमारास निघाले असतील, तर दानिएलमधील पुनरुत्थानाचे विधान आणि त्यावर उभी राहिलेली रब्बींची सर्व मांडणी त्यांच्यामागे घडली. एलियाहूला पुनरुत्थानाशी जोडणारे वचनही मिश्नातले, म्हणजे त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांचे. मग एलियाहूवरील या समाजाची भक्ती ‘प्राचीन अवशेष’ ठरत नाही. ती नंतरच्या संपर्कातून आली वा घडली, असे मानावे लागते. प्राचीनता राखली तर एलियाहूचा हा अर्थ सुटतो, आणि हा अर्थ राखला तर प्राचीनतेचा दावा सैल होतो. केहीमकरांच्या चौकटीत या दोहोंचा मेळ बसत नाही. दोष त्यांच्या विद्वत्तेचा नाही. जुने तेच अस्सल, या गृहीतकाचा तो परिणाम आहे.

मलिदा आणि म्हाळ

एलियाहू हनाबीच्या नावाने केला जाणारा प्रमुख विधी म्हणजे मलिदा. ताटात भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे, साखर, सुकामेवा, फळे आणि सुगंधी फुले वा पाने मांडतात. एलियाहूचे हिब्रू गीत म्हटले जाते, इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचने होतात, फळांवर व सुगंधावर त्यांचे त्यांचे आशीर्वाद उच्चारले जातात आणि मग सर्व जण ते खातात. नवस फेडताना, लग्नापूर्वी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर मलिदा होतो. ‘मलिदा’ हा शब्द फारसी. पिराच्या दर्ग्यातही मलिदा चढतो. त्यामुळे या विधीला कोणी मुसलमानी म्हटले, कोणी नैवेद्य-प्रसादाचे रूप म्हटले, तर कोणी जेरुसलेमच्या मंदिरातील अन्नार्पणाचा अवशेष.

सिंधुदुर्गातील वाचकाला येथे आणखी एक साम्य सुचेल. आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ घालतात, पितरांना वाडी दाखवतात, कावळ्यासाठी पान ठेवतात. गावऱ्हाटीच्या गाऱ्हाण्यात मूळपुरुषाला आणि पूर्वसाला हाक मारली जाते. मृत येथे गावचा भागीदार आहे. त्याला भूक आहे, मान आहे, रागही आहे. खोबरे, पोहे, घरातील मंगलकार्य आणि अदृश्य पाहुणा एवढे पाहून मलिदा हे म्हाळाचेच भावंड वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंची रचना वेगळी आहे. म्हाळात अन्नाचा भोक्ता मृत असतो. मलिद्यात कोणालाही अन्न पोहोचवले जात नाही. आशीर्वाद उच्चारून जिवंत माणसेच ते खातात. मृतासाठी पवित्र अन्न दिलेले नाही, असे परमेश्वरासमोर सांगण्याची अट तोरातच आहे. आणि मुख्य म्हणजे, ज्याचे स्मरण चालते तो एलियाहू परंपरेच्या दृष्टीने मेलेलाच नाही. अग्निरथ आला आणि तो वावटळीतून सदेह वर गेला, असे राजांच्या दुसऱ्या ग्रंथात सांगितले आहे.

एलियाहूची ही व्यक्तिरेखा नीट पाहिली पाहिजे. सारफथ येथील विधवेचा गतप्राण मुलगा त्याने जिवंत करून आईच्या हाती दिला. मलाखीच्या ग्रंथाअखेर तो अंतिम दिवसापूर्वी परत येईल असे वचन आहे. मृतांचे पुनरुत्थान एलियाहूच्या हातून होईल, असे मिश्ना सांगते. मलिद्यातील इसहाकाच्या आशीर्वादाचा आरंभ आकाशातील दहिवराने होतो, आणि तालमूदच्या एका परंपरेत मृत उठतील ते दहिवरानेच. या साऱ्या धाग्यांसह मलिदा वाचला, तर तो पुनरुत्थानाच्या आशेचा विधी ठरतो. सिद्धान्त उच्चारला जात नाही, मांडला जातो.

उरूस या शब्दाचे रूपांतर

शबात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, ज्यू पंचांगातील वृक्षांच्या नववर्षी, बेने इस्राएल ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ साजरा करतात. अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर असलेली खूण एलियाहूच्या घोड्याची अथवा रथाची मानली जाते. येथूनच तो स्वर्गाला गेला, अशी श्रद्धा आहे. त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात.

या शब्दाची निवड विचार करावयास लावणारी आहे. उरूस म्हणजे सूफी परंपरेत वलीचा पुण्यदिन. आत्म्याचे परमेश्वराशी लग्न. त्याला कबर लागते. बेने इस्राएलांनी शब्द घेतला, पण त्यांच्या उरुसाला कबर नाही, आणि तो पुण्यदिनही नाही. मरण न आलेल्या माणसाचा हा उरूस आहे, आणि तो येतो झाडांच्या नव्या वर्षी. नित्य प्रार्थनेने पाऊस आणि पुनरुत्थान शेजारी ठेवले, तसे येथे झाडाचे नवे वर्ष आणि एलियाहू शेजारी आले. याला ‘प्रभाव’ म्हणून सोडून देणे म्हणजे उसना शब्द मोजणे आणि त्याला मिळालेला नवा अर्थ न मोजणे होय.

नवगावच्या स्मृतीशी हे जोडून पाहता येते. जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली आणि तेथेच पुरली गेली. पुरुषांचा एक उंचवटा, स्त्रियांचा दुसरा. या कथेच्या एका रूपात निपचित पडलेल्या चौदा जणांना एलियाहूच सावध करतो. समाजाची जन्मकथाच अशा रीतीने मरणाच्या उंबरठ्यावरून परत येण्याची कथा होते. नवगावला कबरी आहेत, खंडाळ्याला नाही. दोन्ही गावे एकाच तालुक्यात आहेत.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, मलिदा घालणाऱ्याच्या मनात पुनरुत्थान नसते. त्याला मूल हवे असते, नोकरी हवी असते, तापातून उठलेल्या माणसासाठी आभार मानायचे असतात. आक्षेप बरोबर आहे, आणि प्रत्येक सहभागी व्यक्ती सिद्धान्त जाणून असते असा या लेखाचा दावाही नाही. परंतु सारफथच्या विधवेलाही परलोक नको होता. तिला मुलगा घरी हवा होता. आजारातून उठणे आणि मृत्यूतून उठणे यांत एलियाहूची कथा जातीचा फरक करीत नाही. इहलोकीची सुटका हा त्या मोठ्या सुटकेचा नमुना मानणे, ही या परंपरेची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्याद्वारे हिब्रू ज्ञान कोकणात पोहोचले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. तेव्हा मृतांना जिवंत करणाऱ्या परमेश्वराचे शब्द समाजाला मराठीत वाचावयास मिळाले. एलियाहूची ओळख असलेल्या समाजाला ते अगदीच अनोळखी वाटले नसावेत.

उगमशोधाची किंमत

‘हे मुळात कोणाचे’ हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिला असता, तर त्याला एवढे महत्त्व नव्हते. इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य रब्बीसंस्थेने शंका उपस्थित केली. १९६२ च्या आदेशानुसार त्यांच्या वंशाची पिढ्या मागे जाऊन चौकशी करावयाची होती. आक्षेपाचा एक मुद्दा असा की, घटस्फोटाचे आणि मृत भावाच्या विधवेविषयीचे धर्मनियम या समाजाने शतकानुशतके पाळले होते काय? मृताचे नाव टिकावे म्हणून केलेला नियम जिवंतांचे नाव नोंदवून घेण्याच्या आड आला. समाजाने आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानणारा ठराव केला, तेव्हा वाद निवळला. उगमाचा निकष लावणाऱ्या अभ्यासकाने आपले माप कोणाच्या हाती पडू शकते, याचे भान ठेवावे, ते यासाठी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. एक, ज्यू परलोककल्पना स्वतःच बदलत, वाद घालत घडली असल्याने ‘शुद्ध’ रूपाशी तुलना निरर्थक ठरते. दोन, मलिदा आणि एलियाहूचा उरूस यांतील शब्द व साहित्य फारसी-कोकणी असले, तरी त्यांची रचना भोवतालच्या पितृविधींपेक्षा आणि उरुसांपेक्षा वेगळी आहे. तो वेगळेपणा पुनरुत्थानाच्या आशेने समजावून सांगता येतो. तीन, या आचारांचे वय सिद्ध करण्यावर त्यांचे मोल अवलंबून नाही.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. कोकणातील अनेक गावी आज त्यांची घरे नाहीत, दफनभूमी मात्र आहेत. ज्यू कबरींवर सर्वत्र पाच हिब्रू आद्याक्षरे कोरण्याचा प्रघात आहे. मृताचा आत्मा जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो, असा त्यांचा आशय. अशा दफनभूमींची नोंद घेताना आपल्या महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठी विभागांनी आडनावे व सनावळ्या तर टिपाव्यातच. पण त्या गावी मलिदा कोणत्या प्रसंगी होत असे, कोण म्हणत असे, ताटात काय असे, हेही शेजाऱ्यांना विचारावे. ते सांगू शकणारी माणसे अजून त्या गावांत आहेत, आणि त्यांतली बरीचशी वृद्ध आहेत.