'इक्विपेज': गरजेपासून थाटापर्यंत

आज एकाच शब्दावर बोलायचं आहे: 'इक्विपेज'. जुन्या इंग्रजी साहित्यात तो अधूनमधून भेटतो. कोश उघडला की अर्थ ओळीने दिलेले असतात. साधनसामग्री, नोकरचाकरांचा ताफा, घोड्यांसकट गाडी. आपण त्यातला सोयीचा एक उचलतो आणि पुढे जातो. वाचन चुकतं ते तिथेच.

शब्द फ्रेंचमधला आहे, आणि त्याचं मूळ जहाज सज्ज करण्यात आहे. फ्रेंचमध्ये जहाजावरच्या किंवा विमानातल्या कर्मचाऱ्यांना आजही हाच शब्द आहे. म्हणजे प्रवासाला निघताना जे लागतंच, ते. सुरुवात गरजेतून झाली.

आता मिल्टन बघा. 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) च्या सातव्या सर्गात देवाचा पुत्र सृष्टी घडवायला निघतो. पितळेच्या दोन पर्वतांमध्ये सज्ज ठेवलेले असंख्य रथ, हे त्याचं इक्विपेज. त्यात शस्त्रागारही आहे आणि वैभवही.

पोप हाच शब्द दिवाणखान्यात आणतो. 'द रेप ऑफ द लॉक'च्या १७१४ च्या वाढवलेल्या आवृत्तीत बेलिंडाला स्वप्नात सांगितलं जातं, की तुझ्याभोवती हवेत अदृश्य परीगणांचं केवढं इक्विपेज आहे! त्यापुढे दोन हुजरे आणि वाहून न्यायची खुर्ची म्हणजे काय? विनोद असा, की संरक्षण करणारे कोण, तर डोळ्यांना न दिसणारे. आणि मोजमाप मात्र थाटाचं.

आणि जेन ऑस्टिन. 'प्राइड अँड प्रेजुडिस' (१८१३) मध्ये लेडी कॅथरीन बेनेटांच्या दारी येते, तेव्हा ती दिसण्याआधी तिचं इक्विपेज दिसतं. घोडे भाड्याचे, गाडी अनोळखी, नोकराचा गणवेशही अनोळखी. घरातले लगेच ताडतात, ही शेजारपाजारची गाडी नव्हे. इथे नुसतं 'गाडी' असं भाषांतर केलं, तर माणूस कळण्याआधी त्याचा थाट वाचणारा तो समाजच नाहीसा होतो.

मग मराठीत काय म्हणायचं? 'सरंजाम' म्हटलं तर सामग्री येते, पण मागोमाग फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख आणि सरंजामशाहीही येते. मला 'लवाजमा' जवळचा वाटतो. तो अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'आवश्यक' हाच अर्थ आहे. आज मात्र मंत्र्याचा लवाजमा म्हणताना आपल्या मनात 'अनावश्यक' असतं!

दोन भाषा, दोन शब्द, प्रवास एकच: जे लागतं त्यापासून जे मिरवायचं त्यापर्यंत. म्हणून अनुवादकाने एवढंच विचारावं, की या वाक्यात हा शब्द त्या प्रवासात कुठे उभा आहे? कोश अर्थांची यादी देईल. त्यातला निवडायचा कोणता, हे वाक्यच सांगतं.