८ × ५६ : संधिप्रकाशाची दुर्बीण

रायफलीच्या दुर्बिणीवर कोरलेले दोन आकडे आधी वाचावेत : ८ × ५६. जर्मनीतल्या आणि ऑस्ट्रियातल्या रानांच्या कडेला, लाकडी मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी दुर्बीण निवडताना हेच आकडे मागितले. आठ म्हणजे आठपट मोठे होणारे दृश्य, छप्पन्न म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. आपण मात्र इथेच न थांबता छप्पन्नाला आठाने भागून पाहू. उत्तर सात. दुर्बीण हातभर दूर धरून तिच्या मागच्या भिंगाकडे पाहिले, तर मधोमध प्रकाशाची एक नितळ गोल टिकली तरंगताना दिसते. तिचा व्यास हाच, सात मिलिमीटर. आणि काळोखाला सरावलेली तरुण डोळ्याची बाहुली उमलून उमलून किती उमलते? तीही साधारण सातच मिलिमीटर! रात्री जागणाऱ्या डोळ्याचे माप घेऊन बेतलेली ही टिकली आहे, हे उमगले की त्या रुक्ष भागाकारात लय ऐकू येऊ लागते.

या मापाला तिथल्या कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. जर्मनीत सूर्यास्तानंतरच्या दीड तासापासून सूर्योदयापूर्वीच्या दीड तासापर्यंतचा काळ शिकारीच्या दृष्टीने रात्र मानला जातो आणि त्या काळात हरणावर गोळी झाडायला मनाई आहे. रानडुकराला मात्र ती सवलत नाही. त्यामुळे हरणासाठी संधिप्रकाशाचा शेवटचा थेंब मोलाचा आणि डुकरासाठी चांदणे. एक गोष्ट इथे स्वच्छ समजून घ्यावी : कोणतीही दुर्बीण नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून दृश्य अधिक उजळ करू शकत नाही. ती करते ते इतकेच की मिळालेला उजेड न सांडता तपशील मोठा करून पुढे ठेवते, आणि अंधाराच्या एका गोळ्यातून कान, मुस्कट, पाठीवरची आयाळ एकेक करून वेगळी होऊ लागते. मादीच्या मागे पिल्ले आहेत का, हे चाप ओढण्याआधी पाहता येणे, हीच माझ्या मते या यंत्राची सर्वांत मोठी थोरवी. म्हणूनच पंचवीसपटीच्या मोहात पडणाऱ्याला मी थांबवीन. त्याच छप्पन्नाला पंचवीसने भागा : टिकली जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची उरते आणि सांजवेळी दृश्य मावळते.

पुढच्या भिंगाला उजेडात थोडे तिरके धरले, की त्यावर हिरवट-जांभळी झाक सरकते. ती झाक नुसती शोभेची नाही. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. १९३५ मध्ये त्साइस कंपनीत काम करणारे पदार्थवैज्ञानिक अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवून हे परावर्तन शमवण्याची युक्ती सिद्ध केली. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना विझवतात, आणि परत जाऊ पाहणारा उजेड पुढे निघतो. आजच्या उत्तम दुर्बिणींत अशा लेपांचे थरावर थर असतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत सुखरूप पोहोचतो. दोन लाटांच्या मीलनातून शांतता उपजावी आणि त्या शांततेने चांदणे वाचावे, याहून सुंदर भौतिकशास्त्र मला तरी ठाऊक नाही.

आत डोकावले की नेमाची रेघ, म्हणजे रेटिकल. जर्मन शिकाऱ्यांची लाडकी ‘क्रमांक ४’ : डावीकडून, उजवीकडून आणि खालून आत येणारे तीन जाड दांडे, मध्यभागी केसासारखी फुली आणि वरची बाजू मोकळी. उजेड असताना नजर त्या फुलीवर ठरते. उजेड गेला की फुली विरघळते, पण तीन दांडे उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या अवकाशातच नेम सापडतो. जे रेखाटलेले नाही त्यावर भरवसा ठेवणारी ही रचना मला फार आवडते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व मिटवले, आणि ते मिटले हे उत्तमच झाले. नेमबाजी मात्र बहरली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीविना. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागचे बारीक छिद्र, पुढचे कडे आणि दूरचे लक्ष्य ही तिन्ही डोळ्याला एका ओळीत आणावी लागतात, आणि ती कधीच एकाच वेळी तितकीच स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बीण हा पेच हळुवारपणे सोडवते. लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची रेघ ती एकाच प्रतलावर आणून ठेवते, डोळ्याला एकदाच स्थिरावायचे असते. वय झालेल्या डोळ्यांसाठी तर हे केवढे औदार्य!

नळीत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेला असावा, म्हणजे थंडीत आतून धुके धरत नाही. दुर्बीण रायफलीला घट्ट धरणारी कडी स्वस्तातली नसावीत. याहून अधिक त्याविषयी बोलायला नको.

मन रेंगाळते ते दुर्बिणीच्या माथ्यावरच्या, नेम वर-खाली करणाऱ्या चकतीपाशी. हजार मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत जाताना .३०८ काडतुसाची गोळी दहा मीटरहून अधिक खाली येते. तेवढी उंची ही चकती फिरवून द्यायची असते. एकेक टिक म्हणजे एका मिलिरेडियनचा दहावा भाग : शंभर मीटरवर एक सेंटिमीटर, हजार मीटरवर दहा. नळीच्या पोटात दुसरी छोटी नळी असते. एका बाजूने स्क्रू तिला ढकलतो, समोरून स्प्रिंग दाबून धरते. पुढच्या भिंगाचे केंद्रांतर २०० मिलिमीटर धरले, तर एका टिकेला नेमाच्या प्रतलावर होणारा बदल मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. जाणकार नेमबाज दुर्बिणीची परीक्षा इथेच घेतात. शंभर मीटरवर पहिली गोळी झाडायची, मग नेम त्याच ठिपक्यावर ठेवून वीस टिका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. प्रत्येक वळणावर एक गोळी. कागदावर वीस सेंटिमीटरचा चौकोन उमटत जातो. ऐंशी टिकांची ती प्रदक्षिणा पुरी करून पाचवी गोळी पहिल्या छिद्राला येऊन भिडली, म्हणजे दर धमाक्याचा हादरा सोसूनही पोटातली ती इवली नळी केसाच्याही अंतराने न चुकता आपल्या जागी परतली आहे.